गल्लीतल्या मोटारीचा अलार्म आणि तुमचा फेटाळलेला अर्ज

निपाणीहून एका वाचकाने विचारले आहे: समोरच्यांची मोटार रात्री रस्त्यावरच उभी असते. उसाची ट्रॉली गेली, मांजर बॉनेटवर चढले, आभाळ गडगडले की तिचा अलार्म बोंबलत सुटतो. घरात आजारी आई. तहसीलदार कचेरीत अर्ज दिला, तर ‘वाद खासगी स्वरूपाचा, दिवाणी न्यायालयात जावे’ अशी एंडोर्समेंट हातात आली. आता काय करावे? खानापूर, बेळगावकडूनही असे प्रश्न येतच असतात.

सोबतची अर्जाची प्रत वाचली. पहिल्या परिच्छेदात ‘माझी झोप’, दुसऱ्यात ‘माझी आई’, तिसऱ्यात त्याच शेजाऱ्याशी असलेला गटाराच्या हद्दीचा जुना वाद. तो वाद तिथे कुणी घालायला सांगितला होता? कचेरीने अर्ज फेटाळला त्यात नवल नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 (जुने फौजदारी प्रक्रिया संहितेचे 133) सार्वजनिक जागेवरचा उपद्रव दूर करण्यासाठी आहे. दोन शेजाऱ्यांचे भांडण मिटवणे हे त्याचे काम नाही. सगळे इथेच ठरते. तुमची बाजू पडकी नाही, कारण गाडी रस्त्यावर उभी असते. ती त्यांच्या कंपाउंडात असती तर मी तुम्हाला सरळ दिवाणी दाव्याचा रस्ता दाखवला असता. पण त्रास गल्लीला होतो हे अर्जात दिसले पाहिजे. चार-पाच घरांच्या सह्या घ्या, शक्य तर दहावीचे पोर असलेल्या घराची. तारीख-वेळेची नोंद ठेवा आणि खिडकीतून एक-दोन व्हिडिओ घ्या, गाडीचा नंबर दिसेल असे. गटाराचे नावही काढू नका.

अर्ज चिक्कोडीला प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्या. हा अधिकार जिल्हा आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना आहे. तहसीलदारांना तो सरकारने खास दिलेला असेल तरच. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. मराठीचा हट्ट न्याय्य आहे, पण तो धरायची ही जागा नव्हे. आणि मागणी लहान ठेवा. ‘गाडी हटवा’ म्हणू नका. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्मांना धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय असते, ॲक्सेसरीवाला दहा मिनिटांत करून देतो. तेवढाच आदेश मागा. तो कायम झाला आणि पाळला नाही, तर न्याय संहितेचे कलम 223 लागू शकते. शिवाय रीतसर दिलेल्या अशा आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही.

उशीर मात्र तुम्हाला नडू शकतो. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे, आणि तुम्ही पहिल्या रात्रीपासून दीड वर्ष गप्प बसलात. त्यामुळे जोर अलीकडच्या रात्रींवर द्या.

बाकीचे मार्ग कमी भरवशाचे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे. उल्लेख जरूर करा, पण मोबाइल ॲपचे आकडे पुरावा म्हणून टिकतील असे समजू नका. पोलिसांत गेलात तर सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा अदखलपात्र, दंड फार तर 1000 रुपये. मोटार वाहन कायद्याचे कलम 190 चालवल्या जाणाऱ्या वाहनाबद्दल बोलते, उभ्या गाडीला ते लावणे कठीण. दिवाणी दावा लावता येईल, पण तारखा पडत राहतील आणि तोवर शेजारी गाडी विकूनही मोकळे होतील.

‘वायर कापू का?’ असे पत्राच्या शेवटी विचारले आहे. कापलीत तर न्याय संहितेच्या कलम 324 खाली (दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान) आरोपी तुम्ही व्हाल.

प्रांतांनी अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (तो आदेश तपासून पाहण्याची विनंती) करता येतो, मुदत 90 दिवस. तेव्हा मला लिहाल तर आदेशाची पूर्ण प्रत पाठवा, फक्त शेवटचे पान नको.