बसमध्ये सगळ्यांसमोर रडू आलं तर काय करावं?

आई जाऊन महिना झाला, पुण्यात पीएमटीत बसलं की रोज डोळे भरून येतात, लोक बघतात, कसं थांबवू, असं तुम्ही विचारलंय. थांबवू नका. बघणारे दोन स्टॉपनंतर उतरतात.

मी कळंब तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे शहरबस नाही, एसटी. २०२३च्या दिवाळीनंतर बाबांना नागपूरला दवाखान्यात नेलं. जाताना त्यांचं पंचाहत्तरीवरचं शून्य रुपयाचं तिकीट, माझं अर्धं. "बाई अर्धी, म्हातारा फुकट, मंग एसटी चालते कशी बापा?" असं त्यांनी कंडक्टरलाच विचारलं होतं. आठव्या दिवशी ते गेले. अँब्युलन्समध्ये भाऊ आणि काका बसले. मला म्हणाले, बाईमाणूस कशाला, तू सामान घेऊन बसनं ये. सामान म्हणजे एका थैलीत धोतर, बंडी, डबा आणि चपला.

गणेशपेठहून बस निघाली तोवर ठीक होते. कंडक्टर आला, सुट्टे पैसे काढायला थैलीत हात घातला, तर बंडीच्या खिशातून ते शून्याचं तिकीट निघालं. चार घड्या केलेलं. (त्या मशीनच्या तिकिटाची शाई उडते. आता नुसता कोरा कागद उरलाय.) मग काही आवरलंच नाही. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या ताई, मागचे करून येतो." शेजारच्या म्हातारीनं बुटीबोरी गेल्यावर विचारलं, "कोण होतं माय?" म्हटलं, बाबा. "रड मंग." आणि संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. रडत रडतच खाल्लं, आंबट होतं.

देवळी मागे पडली, वर्धा नदी आली. पुलावर बाबा दर खेपेला रुपया टाकत. खिडकीची काच अडकलेली, दोघींनी मिळून सरकवली. नाणं बहुतेक कठड्यालाच लागलं.

घरी पोचले तर अंगणात बाया गळ्यात पडून रडायला तयार. आणि मला रडूच येईना! त्याच बसमध्ये गावातलं कोणीतरी होतं. तेरवीला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "एसटीत तमाशा केला अन् घरी डोळे कोरडे." रडणं काय पंगत आहे, पान मांडलं की बसायचं? घरी चहा, पाहुणे, सुतक, हाताला उसंत नसते. बसमध्ये हात रिकामे, म्हणून तिथंच येतं. भाऊ त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वावरात एकटा जाऊन बसायचा, डोळे लाल करून यायचा. त्याला कोणी तमाशा म्हटलं नाही. त्याला वावर आहे, मला एसटी. दोन वर्षं हेच सांगतेय, ऐकत नाही. इथं तरी वाचेल.

बाकी, रात्रीची बस असेल तर मागे एकट्या बसू नका, पुढं बायांच्या सीटवर बसा. गाडी स्वतः चालवत असाल तर थांबवा आधी. आणि झोप-जेवणच सुटलं असेल तर १४४१६ला फोन करा, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. ओढणी मात्र सुती घ्या, सिंथेटिकनं डोळे पुसले जात नाहीत.