आधी लिही, मग खोद

310 फूट आणि नुसता धुरळा. तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. बोअरची गाडी शेतात उभी असते, फुटाफुटाचे पैसे चढत असतात आणि पाण्याऐवजी पांढरा फुफाटा उडत राहतो, तेव्हा घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघवत नाही. त्यात जागा तू जमिनीचा विद्युत रोध मोजून दाखवलेली. तीन आठवड्यांनी बांधापलीकडे चुलत्यांनी पाणाड्याच्या नारळावर बोअर घेतला आणि त्यांना 190 फुटांवर दोन इंच पाणी लागलं. आता वडील दुसऱ्या बोअरसाठी त्यालाच बोलवणार म्हणतात आणि तू मला विचारतेस, "सर, मग मी इतकी वर्षं काय शिकले?"

बोअर कोरडा जाण्याचं मला काही वाटत नाही. आपल्या राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. त्यात पाणी असतं ते वरच्या मुरमात, सांध्याफटींत, मांजऱ्या खडकात, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये. साडेसहा इंची भोक त्या फटीला चुकणं हा काही गुन्हा नव्हे. मला राग आला तो तू सोबत जोडलेल्या अहवालाचा. रोधाची वाचनं नीट घेतली आहेस, आलेख स्वच्छ आहे, आणि शेवटची ओळ अशी: "सदर ठिकाणी भूजल उपलब्ध होण्याची शक्यता आहे."

हे वाक्य खोटं कधी ठरेल, सांग. पाणी लागलं तर "मी म्हटलंच होतं". नाही लागलं तर "शक्यता म्हटलं होतं". किती फुटांवर, कोणत्या थरात, किती इंच, आणि काय निघालं तर तू चुकलीस असं मानायचं, यातलं एक अक्षर नाही. चार इलेक्ट्रोड जमिनीत ठोकले म्हणून ते विज्ञान होत नाही, बाई. असं वाक्य लिहायला नारळसुद्धा पुरतो.

आधी लिही, मग खोद. या पत्रात हे मी तुला पुन्हापुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

मला हे कोणी शिकवलं नाही. 1987 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावात मी असाच उभा होतो. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि अंगात मस्ती होती. चाळीसेक मीटरवर विद्युत रोध झपकन खाली आला, तसा मी शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "इथे पाणी आहे, काका." भोकातून आला तांबडा, चिकट गाळ. लाव्ह्याच्या दोन थरांमधला तांबडा बोल. ओल्या खडकाचा रोध जसा कमी, तसाच या मातीचाही कमी. पुस्तकात असतं हे, मीही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. गाडी निघून गेली. म्हाताऱ्याने मला चहा पाजला, एक शब्द बोलला नाही.

मुक्कामी परतल्यावर मी अहवाल लिहिला. बोअर झाल्यानंतर, पण तारीख आधीची घालून. "या खोलीवर लाल मातीचा थर अपेक्षित होता, शेतकऱ्याच्या आग्रहास्तव वेधन करण्यात आले." त्या माणसाला वाचता येत नव्हतं. कोणी मला पकडलं नाही, आजवर कोणाला हे सांगितलेलंही नाही. माझा अंदाज चुकला याचं दुःख केव्हाच संपलं. ती तारीख मात्र अजून डोळ्यांसमोर येते.

त्या पावसाळ्यात मी दोनशे पानी वही घेतली. बोअर घेण्याआधी लिहायचं: मुरूम किती, कठीण पाषाण कुठून, पाणी किती फुटांवर, किती इंच. आणि शेवटी एक ओळ, "अमुक झालं तर मी चुकलो." खाली तारीख आणि गावच्या मास्तरांची नाहीतर तलाठ्याची सही. वरचे साहेब म्हणाले, "स्वतःच्या चुका स्वतःच्या हाताने फायलीला कशाला लावतोस?" बढती उशिरा मिळाली ती या वहीमुळे, असं मी म्हणतो. माझ्या तोंडामुळे, असं घरचे म्हणतात. ते जाऊ दे. पहिल्या वर्षी 21 नोंदी झाल्या, त्यांतल्या आठ बरोबर. वही नसती तर मी शपथेवर पंधरा सांगितल्या असत्या, आणि खोटं बोलतोय असं मला वाटलंही नसतं.

आता तुझा पाणाड्या. "दहापैकी आठ लागतात" असं तू लिहितेस. मोजले कोणी? पाणी लागलेल्या बोअरपाशी मोटर बसते, हौद बांधला जातो, पाहुण्यांना दाखवलं जातं. कोरड्या भोकावर धोंडा ठेवतात आणि त्याचं नाव निघत नाही. दुसरं असं की त्याच ओढ्याकाठी डोळे मिटून दहा ठिकाणी खोदलं असतं तर किती लागले असते? तो आकडा हाती नसेल तर आठाला काय अर्थ? तिसरी गोष्ट तुझ्या वडिलांना माहीत असेल. पाणाड्यांची कीर्ती वाढली ती विहिरींच्या काळात. वीस-पंचवीस फूट व्यासाचा खड्डा मुरमातून खाली नेला की कुठला ना कुठला पाझर त्यात यायचाच. साडेसहा इंची भोकाने त्यांची खरी परीक्षा सुरू केली.

म्हणून तो लबाड आहे, असं समजू नकोस. मी ज्यांच्याबरोबर हिंडलो त्यांत एकजण पायाळू होता. उंबराची बेचकी घेऊन चालायचा, आणि माणूस सोन्यासारखा. मे महिन्यात कुठला बांध हिरवा राहतो, कुठल्या कडेला वारुळं आहेत, कोणाच्या विहिरीला कोणत्या अंगाने झरा आहे, हे त्याला पाठ होतं. ते सगळं खरं ज्ञान, आणि त्याने ते बेचकीच्या नावावर जमा केलं होतं. मी त्याला माझ्या वहीत लिहायला बसवलं. पहिल्या दोन वेळा हसत हसत फूट आणि इंच सांगितले. दोन्ही चुकले. तिसऱ्या वेळी म्हणाला, "साहेब, लिहिल्यावर काडी फिरत नाही."

मी तेव्हा हसलो. नंतर कळलं की तो अक्षरशः खरं बोलत होता. 1853 मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं खूळ होतं. माणसं भोवती बसून हात टेकवायची आणि टेबल आपोआप सरकायचं. मायकेल फॅरडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर घातले, मऊ लुकणाने चिकटवले, आणि दाखवून दिलं की आधी हात सरकतो, मागून टेबल. बसलेल्यांना हाताची हालचाल दाखवणारा काटा समोर दिसू लागला तेव्हा टेबल फिरायचं थांबलं. ती माणसंही प्रामाणिक होती. मनात असलेलं हात नकळत करतो. तळहातावर नारळ उभा राहतो तोही असाच.

"पण कधी नीट तपासलंय का?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. तपासलंय. 1980 च्या दशकाच्या शेवटी म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ एका गाड्यावर ठेवलेला, दहा मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा. वरच्या मजल्यावर पाणाड्याने नळ कुठे आहे ते सांगायचं. सुमारे पाचशे जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या मिळून 843 चाचण्या झाल्या. बहुतेकांना काहीच जमलं नाही, तरी प्रयोग करणाऱ्यांनी मूठभरांचे आकडे पुढे करून शक्ती सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. त्या मूठभरांनाही दुसऱ्या खेपेला पहिल्यासारखं जमत नव्हतं. सगळ्यांत सरस ठरलेला पाणाडी डोळे मिटून दर वेळी रेषेचा मध्य सांगणाऱ्यापेक्षा सरासरी चार मिलिमीटरने जवळ होता, दहा मीटरांत. आता त्या विद्वानांची चूक बघ. "चांगला कोण" हे त्यांनी निकाल हातात आल्यावर ठरवलं. पदव्या होत्या, सरकारी पैसा होता, कोठार होतं. आधी लिहिलेलं नव्हतं.

"जाऊ दे ना, कोणाचं काय बिघडतं" असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात म्हणे. याच बेचकीला प्लास्टिकची मूठ आणि एरियल लावून एडीई 651 नावाचं बॉम्ब शोधणारं यंत्र इराकला विकलं गेलं. आत काहीच नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ते हातात धरून गाड्या तपासत होते आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे जात होत्या. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये इंग्लंडमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मनगट तेच, काडी तीच.

आणि आपलं जुनं सगळं टाकाऊ, असंही धरून बसू नकोस. मला मनापासून आवडणारा पाणाड्या म्हणजे सहाव्या शतकातला वराहमिहिर. बृहत्संहितेत त्याचा दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूगर्भातल्या पाण्यावर आहे. तो म्हणतो, निर्जल प्रदेशात वेतस दिसला तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी. वाटेत खूण काय? अर्ध्या पुरुषावर पांढुरका बेडूक, मग पिवळी माती, मग दगड, त्याखाली पाणी. काय हिंमत आहे बघ! दिशा दिली, अंतर दिलं, खोली दिली, वर बेडकाचा रंगही दिला. चुकायला इतक्या जागा स्वतःहून ठेवल्या. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात त्याचं गणित किती चालेल ते वेगळं. पण तो श्लोक तपासता येतो, चूक ठरवता येतो. तुझ्या "शक्यता आहे" ला ती पात्रता नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने तुझ्यापेक्षा चांगला अहवाल लिहिलाय, याचा राग येऊ दे जरा.

बोअर कोरडा गेल्यावर पाणाड्या काय म्हणतो, तू ऐकलं असशील. "फूटभर बाजूला खोदलंत." "शिरा सरकली." "घरात विटाळ होता." शेवटचं ऐकून तुझं डोकं फिरलं असेल, फिरायलाच हवं. पण आमच्या बाजूचंही ऐक. "केसिंग कमी टाकलं." "गाडीच्या दाबाने झरा बुजला." "मध्ये डाईक (खडकाची उभी भिंत) आडवा आला." भाषा शहाण्याची, काम तेच.

मग सबब सांगूच नये का? सांगावी की. युरेनस गणिताने ठरवलेल्या वाटेवरून सरकत होता, तेव्हा न्यूटनचा नियम वाचवायला पलीकडच्या न दिसणाऱ्या ग्रहाची सबबच काढली होती. पण ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने तो ग्रह कुठे दिसेल ते लिहून बर्लिनच्या वेधशाळेला पाठवलं, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री तिथल्या गाले या खगोलशास्त्रज्ञाला नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाचं गणित जुळेना, तेव्हा त्याच ल व्हेरिएने सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह सांगितला. तो काही सापडला नाही. ते कोडं 1915 मध्ये आइनस्टाइनने वेगळ्याच वाटेने सोडवलं. माणूस एक, सबबीची जात एक, आणि दोन्ही वेळा आधी सांगितलेलं. म्हणून तर आज एक खरी निघाली आणि एक फसली असं म्हणता येतं.

तुझ्या 310 फुटांनाही अशीच सबब शोध. माझा संशय तांबड्या बोलावर आहे, पण मला तसा संशय येणारच, मी पोळलेला माणूस. दर दहा फुटांची चुरी पिशव्यांत भरून ठेवलीस का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसशील ठेवली. (ठेवली असशील तर हे वाक्य खोड.) मग दोर घे, सोबतीला माणूस घे आणि चुलत्यांच्या जुन्या विहिरीत उतर. तुझ्या आलेखात रोध जिथे पडला, त्या पातळीला विहिरीच्या भिंतीत लाल पट्टा दिसायला हवा. उतरायच्या आधी किती फुटांवर दिसेल ते लिही. नाही दिसला तर माझा संशयही गेला, दुसरा शोधू.

वडिलांना अडवू नकोस. येऊ दे पाणाड्याला. त्याचा अपमान करू नकोस, जेवायला वाढ, आणि जेवण झालं की त्याच्यापुढे कागद ठेव: किती फूट, किती इंच, मध्ये खडक कोणता. त्याच जागेबद्दल तुझाही तसाच कागद. दोन्ही कागद शाळेच्या मास्तरांकडे. तो नाही म्हणाला तर त्याच्यासमोर तू तुझा भर. लाजू नकोस. "शक्यता" हा शब्द दिसला तर मी तुझं पत्र परत पाठवीन.

तुझी वाचनं आणि नकाशा घेऊन मी काल रात्री अकरापर्यंत बसलो होतो. वडिलांनी दुसऱ्या बोअरसाठी ओढ्याकडची जी जागा मनात धरली आहे, तिच्याबद्दलचा माझा अंदाज सोबतच्या छोट्या पाकिटात आहे. आकडे आहेत, आणि शेवटी ती ओळही आहे. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, वर कालची तारीख घातली आहे, खरी. आता फोडू नकोस. गाडी निघून गेल्यावर सगळ्यांसमोर फोड. चुलत्यांना बोलव, पाणाड्यालाही बोलव, आणि वाचून वडिलांनाच दाखवायला सांग.