नवरा पलटणीत, मी माहेरी: घटस्फोट कुठे मागायचा आणि तोवर खर्च कोण देणार?

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुमचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक असून सध्या जम्मूकडे आहेत. लग्न महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात त्यांच्या गावी झाले, दोन वर्षांपासून तुम्ही सहा वर्षांच्या मुलीसह कर्नाटकातील खानापूर तालुक्यात माहेरी राहता, त्यांनी पैसे पाठवणे बंद केले आहे, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बाँडवर सोडचिठ्ठी करून प्रकरण मिटवा असे म्हणत आहेत. मी पायदळातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीत जवानांच्या कौटुंबिक नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि आता बेळगाव परिसरातील फौजी कुटुंबांची कागदपत्रे पाहून देतो. मी वकील नाही, त्यामुळे दाव्याचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा. पण कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे हे मी खात्रीने सांगू शकतो.

सर्वांत आधी, बाँडवर सही करू नका. पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का असलेल्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण अशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि ते सोपे नसते. आपल्या भागातील एक बाई असाच कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. त्यावर दोन्ही गावांच्या पंचांच्या सह्या होत्या, खाली त्यांचा स्वतःचा अंगठा होता, आणि मधल्या एका ओळीत ‘यापुढे खर्चाबाबत कोणतीही मागणी करणार नाही’ असे लिहिलेले होते. ती ओळ त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती. लग्न कायद्याने तसेच कायम राहिले आणि खर्च मागायला गेल्यावर समोरच्या बाजूने तोच कागद पुढे केला. पलटणीच्या दप्तरातही घटस्फोटाची नोंद न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरच होते. बाँड पाहून कोणी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या कौटुंबिक नोंदीत बदल करणारा आदेश, काढत नाही.

आता खर्चाचे बघू, कारण मुलीची शाळा हुकूमनाम्याची वाट पाहत थांबणार नाही. घटस्फोट देण्याचा अधिकार सेनेला नाही, तो केवळ दिवाणी न्यायालयाचा आहे. पण बायकामुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या जवानाच्या पगारातून पोटगी कापून देण्याचा अधिकार सेनेकडे आहे. सेना कायदा १९५० याचे कलम ९१ जवानांना आणि कलम ९० अधिकाऱ्यांना लागू होते. सेनेच्या २००१ च्या आदेशानुसार पत्नीसाठी पगार व भत्त्यांच्या जास्तीत जास्त २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के आणि सर्व मिळून ३३ टक्क्यांपर्यंत कपात करता येते. ही कमाल मर्यादा आहे, तेवढी रक्कम हमखास मिळेल असे समजू नये. त्यासाठी वकील लागत नाही आणि घटस्फोटाचा दावा दाखल असण्याचीही गरज नाही.

अर्ज पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरांच्या नावे, ५६ किंवा ९९ एपीओच्या (सेनेच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर, स्पीड पोस्टाने पाठवावा आणि एक प्रत जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला द्यावी. आपल्याकडच्या पुष्कळ बायका कॅम्पातील रेजिमेंटल सेंटरच्या गेटवर जाऊन उभ्या राहतात. परंतु सेंटर हे भरतीनंतरच्या प्रशिक्षणाचे ठिकाण आहे आणि तुमच्या यजमानांचा पगार व शिस्त त्यांच्या पलटणीच्या हाती आहे. अर्जात त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा व पलटणीचे नाव, लग्नाची तारीख, मुलीची जन्मतारीख, पैसे कोणत्या महिन्यापासून बंद झाले आणि तुमचे स्वतःचे उत्पन्न काय, एवढेच स्वच्छ लिहावे. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी, कारण दर महिन्याला येणारी रक्कम ज्या महिन्यात थांबली ती नोंद दहा ओळींच्या तक्रारीपेक्षा अधिक बोलते. सासरच्या साऱ्या भांडणांचा पाढा या अर्जात वाचू नये. पलटण आधी समेटाचा प्रयत्न करते, मग जवानाला कारणे दाखवा नोटीस देते आणि त्याचे उत्तर आल्यावर कागद वर जातात. याला महिने लागतात.

म्हणून त्याच वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली न्यायालयातही पोटगीचा अर्ज करावा. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ ते हेच. हा अर्ज तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे खानापूरच्या बाजूला, करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दोन्ही पक्षांना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सेनेकडून काही मिळत असेल तर ते त्यात लपवू नका. न्यायालय ती रक्कम हिशेबात धरते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. सेना कायद्याच्या कलम २८ मुळे जवानाच्या पगारावर दिवाणी न्यायालयाला थेट जप्ती आणता येत नाही, त्यामुळे आदेशाची प्रमाणित प्रत पलटणीकडे पाठवून कपातीची मागणी करावी लागते.

दावा कुठे करायचा, हा आपल्या सीमाभागात खरोखर महत्त्वाचा प्रश्न आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिलात, किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती जिथे राहते, अशा ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणजे चंदगडची बाजूही तुम्हाला खुली आहे आणि माहेरची बाजूही. चंदगडला कामकाज मराठीत चालते, तर इकडे नोटिसा व कागद कन्नड किंवा इंग्रजीत येतात आणि मराठी कागदांचे भाषांतर द्यावे लागते. तरीही माझे मत माहेरच्या बाजूचेच आहे, कारण तारखा पुष्कळ पडतात आणि मुलीला घरी ठेवून दर वेळी राज्याची हद्द ओलांडणे जड जाते. वकिलांना प्रत्येक कागद मराठीत समजावून सांगायला लावा आणि त्यानंतरच सही करा. यजमानांनी तिकडे आधीच दावा लावला असेल, तर गाव कितीही जवळ असले तरी राज्य वेगळे असल्यामुळे तो इकडे वर्ग करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाला ते करता येत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळेल.

समन्स त्यांच्या गावच्या घरी पाठवून वेळ घालवू नका. सैनिकावरील समन्स न्यायालयाने त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावायचे असते, तशी दिवाणी प्रक्रिया संहितेतच तरतूद आहे. यजमान विशेष परिस्थितीत, म्हणजे युद्ध किंवा तशा जोखमीच्या कामगिरीवर असल्याचे प्रमाणपत्र आले, तर १९२५ च्या सैनिक दावे कायद्याखाली सुनावणी पुढे ढकलली जाऊ शकते. त्यात प्रत्येक वेळी टाळाटाळ असते असे मानू नका. मी स्वतः रजेचे अर्ज हाताळले आहेत, आणि मनात असूनही जवानाला तारखेला येता येत नाही हे पाहिले आहे. रजा मिळत नसेल तर कमांडिंग ऑफिसरांसमोर सही केलेल्या लेखी अधिकारपत्राने तो दुसऱ्याला आपल्या वतीने काम पाहायला नेमू शकतो.

दोघांचीही तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालील परस्पर संमतीचा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पोस्टिंगमुळे दूर असणे म्हणजे कायद्याने वेगळे राहणे नव्हे. पती-पत्नी म्हणून नाते थांबले त्या दिवसापासून ते वर्ष मोजावे. पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. संमती नसेल तर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग अशी कारणे सिद्ध करावी लागतात. तुम्हीच घर सोडून गेलात असे ते म्हणतील, तेव्हा माहेरी का यावे लागले याचे पुरावे आत्ताच एकत्र करून ठेवा.

संमतीच्या अटी लिहिताना दोन गोष्टींवर अडून राहा. मुलीला वडिलांनी दर रविवारी भेटावे अशी छापील अट फौजी माणसाच्या काही कामाची नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, म्हणून भेटी त्या रजेशी जोडाव्यात आणि एरवी व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ लिहावी. त्या मुलीला वडील हवेच आहेत. दुसरे म्हणजे नाईक किंवा हवालदार चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि पगार थांबला की पगारातील कपातही थांबते. तुमची मुलगी तेव्हा शाळा-कॉलेजात असेल, त्यामुळे शक्य तेवढी एकरकमी रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत घालून घ्यावी आणि निवृत्तीनंतरच्या मासिक रकमेचा वेगळा उल्लेख करावा.

हुकूमनामा झाल्यावर तुमचे डिपेंडंट कार्ड, कँटीन, मिलिटरी हॉस्पिटलची सोय आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क संपतो. मुलीचा हक्क मात्र घटस्फोटाने संपत नाही. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, ती उलटेपर्यंत दोघांपैकी कोणीही पुन्हा लग्न करू नये. पार्ट टू ऑर्डर निघाली की रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करून मुलीचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग तिच्या जन्मदाखल्याप्रमाणेच असल्याची खात्री करून घ्या. कानडी दाखला, मराठी शाळा आणि इंग्रजी दप्तर यांच्यात एका अक्षराचा फरक पडला तरी तिचे कार्ड अडकते.