सेकंड हँड गाडी घेतली, रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या दुरुस्तीला परत बोलावते त्याचं) पत्र आलं नाही. दुरुस्ती फुकट होईल का? मेकॅनिक म्हणतो गरज नाही.

होईल. रिकॉल चासी नंबरवर लागतो, मालकाच्या नावावर नाही. पत्र आधीच्या मालकाकडे जाऊन रद्दीत पडलं असणार. कंपनीच्या साइटवर नंबर टाका. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच. वॉरंटी संपली किंवा सर्व्हिसिंग बाहेर केलं, तरी फरक पडत नाही.

आता तुमच्या मेकॅनिकचं. 'गाडी मस्त चालतेय, कशाला हात लावायचा?' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचंच घ्या. इन्फ्लेटरच्या, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या भागाच्या, धातूच्या डब्यात अमोनियम नायट्रेटच्या वड्या, आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओल शोषणारा पदार्थच नाही. वर्षानुवर्षं दिवसा तापून रात्री गार होताना दमटपणा मुरतो आणि वड्या ठिसूळ होतात. अपघातात त्या हव्या त्यापेक्षा झपाट्याने जळतात, दाब वाढतो, डबाच फुटतो आणि पत्र्याचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या अंगावर येतात. हे कुठल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळणार? डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा इन्फ्लेटरचं सर्किट जोडलेलं आहे का एवढंच बघतो. आतल्या वड्यांचं काय झालंय ते त्याला दिसत नाही. म्हणजे दिवा विझलेला, गाडी मख्खन, आणि स्टीअरिंगमध्ये बॉम्ब.

बरं, सुरुवातीला बदली म्हणून बसवलेले काही इन्फ्लेटर त्याच जातीचे होते, तेही पुढे परत बोलवावे लागले. त्यामुळे आधीचा मालक 'काम झालंय' म्हणाला तरी नंबर आज पुन्हा तपासा. भंगारातली एअरबॅग तर फुकट मिळाली तरी बसवू नका.

काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि नव्या पार्टचा नंबर लिहून घ्या. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तरी गडबड, विझला नाही तरी गडबड. ड्रायव्हरच्या बाजूचं काम असेल तर हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणं तिथेच दाबून बघा. कनेक्टर अर्धवट बसला किंवा क्लॉक स्प्रिंगला (स्टीअरिंगमधल्या वायरच्या गुंडाळीला) धक्का लागला, तर घोळ तिथेच होतो. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबावं लागतं. जुन्या गाडीचं घड्याळ रीसेट झालेलं नसेल तर वायर काढली होती का, हे खुशाल विचारा. सॉफ्टवेअरचा रिकॉल असेल तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन लिहून घ्या, नाहीतर नुसता शिक्का मिळतो.

पार्ट शिल्लक नाही म्हणाले तर तसं लेखी मागा आणि यादीत नंबर लावा. तोवर गाडी चालवायची का, ते रिकॉलच्या नोटिशीत बघा. सगळे रिकॉल सारखे नसतात. काहींत 'चालवू नका' असं स्पष्ट असतं, काहींत 'बाहेर पार्क करा'. २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या लाखो गाड्यांना असंच सांगितलं होतं, कारण एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये ब्रेक ऑइल गळून बंद गाडीलाही आग लागू शकत होती. तिथला उपाय म्हणजे फक्त एक फ्यूज बदलणं.

एक राहिलंच: फुकट दुरुस्तीला काही देशांत गाडीच्या वयाची मर्यादा आहे. तुमची गाडी फार जुनी असेल तर आधी ते विचारून घ्या.