इटलीच्या वाइनची इतकी नावं आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की बारोलो, क्यांती, प्रोसेक्को ही नावं कानावर आहेत, पण दुकानात उभं राहिलं की गोंधळ उडतो. कुठल्या क्रमाने चाखत जावं, आणि ग्राप्पा, आमारो हे नेमके काय प्रकार आहेत?

माझं उत्तर सरळ आहे. द्राक्षाच्या जातीवरून जाऊ नका, किमतीवरून तर नकोच. एक मुलूख निवडा. तिथले लोक रोजच्या जेवणाबरोबर काय पितात तिथून सुरुवात करा, मग सणावाराची बाटली, मग जेवणानंतरचा छोटा पेला. तो मुलूख असा खालपासून वरपर्यंत कळला की पुढच्याकडे वळा. इटलीत नोंदणी झालेल्या वाइनच्या द्राक्षजातीच पाचशेच्या आसपास आहेत. यादी घेऊन बसलात तर नावं पाठ होतील, चव लक्षात राहणार नाही.

मी नोकरीनिमित्त तोरिनोत (इंग्रजीत ट्युरिन) राहतो. मूळ घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. त्यामुळे इथे आल्यावर पेल्याच्या आधी वेलीकडे लक्ष गेलं. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कारण नाशिकच्या हवेत वेल पूर्ण झोपतच नाही. इथे हिवाळ्यात सगळी पानं गळतात, वेल निपचित पडते आणि थंडी सरायच्या आत एकदाच छाटतात. ऑक्टोबरात आपण हातात कात्री घेतो तेव्हा इथे नेब्बियोलो या लाल द्राक्षाची काढणी चाललेली असते. घरचे सगळे हे ऐकून चकित होतात.

म्हणून मी पहिला मुलूख पिएमोंते, म्हणजे तोरिनोभोवतालचा वायव्य इटलीतला प्रांत, सांगेन, त्यातही तोरिनोच्या दक्षिणेला असलेल्या लांगेच्या टेकड्या. इथली एक टेकडी नीट बघितली तरी अर्धं शास्त्र समजतं. दक्षिणेकडे तोंड असलेला, भरपूर ऊन लागणारा उतार नेब्बियोलोला देतात, कारण ही जात फुटते लवकर आणि पिकते सगळ्यांत शेवटी. बार्बेराला त्या खालोखालची जागा चालते. दोल्चेत्तो लवकर पिकतं, त्याला वरच्या थंड जागा मिळतात. उत्तरेच्या सावलीतल्या उताराला द्राक्ष लावण्यात अर्थ नसतो, तिथे हेझलनटची झाडं. (न्यूटेला बनवणारी फेरेरो कंपनी इथल्याच आल्बा गावची, तिचं मूळ या हेझलनटात आहे.) उन्हाची दिशा आणि बाटलीची किंमत यांचं नातं इतकं उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

सुरुवात बार्बेराने करा. लेबलवर 'बार्बेरा दास्ती' किंवा 'बार्बेरा दाल्बा' लिहिलेलं असेल, म्हणजे आस्तीची किंवा आल्बाची बार्बेरा. रंग गडद, आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी. इथल्या घरांत रोजच्या जेवणाला हीच असते. या वाइनने वाईट दिवसही पाहिले आहेत. १९८६ साली स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघडकीला आलं, माणसं मेली, आणि पिएमोंतेचं नाव जगभर खराब झालं. बार्बेराला मान मिळवून देण्याचं मोठं श्रेय इथले वाइन-उत्पादक जाकोमो बोलोन्या यांचं. त्यांनी १९८२ च्या हंगामात बार्बेरा लहान ओक पिंपांत मुरवून दाखवली होती आणि पुढे लोक तिच्याकडे आदराने बघू लागले.

दुसरी पायरी 'लांगे नेब्बियोलो'. थेट बारोलोवर उडी मारू नका, कृपा करून. नेब्बियोलो पेल्यात ओतली की पहिल्यांदा वाटतं वाइन पातळ आहे, कारण रंग फिका, कडेला विटकरी झाक. नाक जवळ नेलं की गुलाब आणि आंबट चेरी. मग घोट घेतला की हिरड्या आवळल्या जातात, जीभ कोरडी पडते. रंगावरून अंदाज बांधणाऱ्याला हा तुरटपणा अनपेक्षित असतो. आता लोणी आणि चीज घातलेल्या ताज्या शेवयांचा, इथे त्यांना तायारिन म्हणतात, एक घास घ्या आणि त्याच पेल्यातून पुन्हा प्या. तुरटपणा पुष्कळ निवळलेला असतो आणि वास पुढे येतो. या वाइन जेवणाच्या ताटासाठीच घडलेल्या आहेत, हे त्या दुसऱ्या घोटात पटतं. नुसती चाखून नेब्बियोलोवर मत बनवणं तिच्यावर अन्याय आहे.

मग बारोलो. तीच नेब्बियोलो, पण अकरा ठरावीक गावांच्या हद्दीतली. नियमाप्रमाणे किमान ३८ महिने मुरल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात. शेजारच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात. ला मोर्रा गावची बारोलो त्यातल्या त्यात मऊ, सेरालुंगाची कडक आणि दीर्घायुषी, कारण दोन्हीकडची माती वेगळी. या पिंपांवरून १९८० च्या दशकात इथे घरं फुटली आहेत. नव्या पिढीला लहान फ्रेंच पिंपं हवी होती, जुन्यांना पिढीजात मोठी. एलिओ आल्तारे यांनी वडिलांची जुनी पिंपं चक्क साखळीकरवतीने कापली आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून काढून टाकलं. आज बहुतेकांनी मधला मार्ग धरलाय. माझं मन विचाराल तर मोठ्या जुन्या पिंपातली बारोलोच मला आवडते, तिच्यात लाकूड नाही, द्राक्ष बोलतं.

आता जेवणानंतरचं. वाइन तयार झाली की खाली साली आणि बियांचा चोथा उरतो, तो भट्टीत गाळून केलेली दारू म्हणजे ग्राप्पा. किमान ३७.५ टक्के मद्यार्क. युरोपीय संघातल्या देशांपैकी हे नाव फक्त इटलीतल्या मालालाच लावता येतं. पूर्वी ती गरिबाघरची, थंडीत अंगात ऊब आणण्यापुरती. सगळ्या जातींचा चोथा एकत्र, कसाही साठवलेला, त्यामुळे घसा जाळणारी. १९७३ साली ईशान्य इटलीच्या फ्रिउलीतल्या नोनिनो कुटुंबाने फक्त पिकोलित या एकाच द्राक्षाचा ताजा चोथा वेगळा गाळला आणि ग्राप्पाचं नशीब पालटलं. लांगेतल्या नेइवे गावात रोमानो लेवी यांनी जुन्या पद्धतीने, थेट जाळावर भट्टी चालवली. लेबलं ते हाताने चितारायचे. बारोलो प्यायलात तर त्यानंतर नेब्बियोलोच्या चोथ्याची ग्राप्पा घ्या, अगदी थोडी, खूप गार न करता. गार केली की वास मरतो.

आमारो वेगळा. मुळं, साली, पानं, फळांची सालं दारूत भिजवून गोडी घातलेलं कडसर पेय. आपल्या काढ्याशी त्याचं नातं लगेच लक्षात येतं, कारण दोन्हींचा जन्म औषधाच्या कपाटातला. बोर्मियोचा 'ब्राउलियो' एका औषधविक्रेत्याने १८७५ साली बनवला, त्यात आल्प्सच्या वनस्पती. सिसिलीतल्या काल्तानिसेत्ताचा 'आवेर्ना' १८६८ चा, जास्त गोड, संत्र्याच्या सालीची चव असलेला. मिलानोचा 'फेर्नेत ब्रांका' १८४५ चा, इतका कडू की पहिल्यांदा त्याच्या वाटेला जाऊ नका. आवेर्नापासून सुरू करा, मग ब्राउलियो. आणि तोरिनोची स्वतःची देणगी म्हणजे वेर्मुत, मसाले आणि वनस्पती घातलेली वाइन. १७८६ साली आन्तोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी इथे तो बाजारात आणला. तो जेवणाआधी घेतात. बारोलोत सिंकोनाची साल आणि मसाले घालून केलेला 'बारोलो किनातो'ही इथलाच. काळ्या चॉकलेटबरोबर त्याच्याइतकं चांगलं जुळणारं पेय मला अजून सापडलेलं नाही.

दुसरा मुलूख तोस्काना घ्या, कारण महाराष्ट्रात बसून तो शिकायची खास सोय आहे. तिथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे, आणि तेच आपल्या अकलूजच्या माळावर लावलंय. फ्रातेल्ली वाइन्स या तिथल्या कंपनीत इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांच्या जोड्या एकत्र आल्या आणि वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. त्यांची सांजोवेझे आणि एक क्यांती क्लासिको शेजारी शेजारी ठेवून प्या. द्राक्ष एकच, माती आणि ऊन वेगळं, फरक जिभेवर स्पष्ट कळतो. तुमच्या ठिकाणी मी असतो तर हेच सगळ्यात आधी केलं असतं. क्यांती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. त्याच्या वरची पायरी ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो, तीही निव्वळ सांजोवेझेची.

लेबलवर एक ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. 'विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो' मध्ये मोंतेपुल्चानो हे तोस्कानातलं गाव, आत द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' मध्ये मोंतेपुल्चानो हे द्राक्ष, आणि मुलूख आब्रुत्सो. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. बारोलो, तावराझी, क्यांती या बाटल्यांवर तर समोर फक्त जागेचं नाव असतं, द्राक्ष तुम्हाला ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं. म्हणूनच आधी मुलूख. 'डीओसीजी' या सर्वांत कडक नियमांच्या वर्गातल्या बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी पट्टी असते. पण त्या पट्टीला चवीची हमी समजू नका. सास्सिकाया ही तोस्कानाची जगप्रसिद्ध वाइन कितीतरी वर्षं साध्या 'टेबल वाइन'च्या वर्गात विकली जात होती, कारण तिच्यातली फ्रेंच द्राक्षं तिथल्या नियमांत बसत नव्हती.

तिसरा मुलूख मी सिसिलीतला एत्ना सांगेन. जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर, लाव्हाच्या दगडांनी बांधलेल्या पायऱ्यांवर नेरेल्लो मास्कालेझे पिकतं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपभरच्या वेली मुळापासून मारल्या आणि तेव्हापासून बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करूनच लागवड होते. एत्नाच्या वालुकामय राखेत ती कीड टिकत नाही, म्हणून तिथे शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या वेली अजून फळ देतात. डॉगरिज खुंटाशिवाय बाग लावायची कल्पनाही न करणाऱ्या नाशिककराला हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. वाइन हलक्या रंगाची, नेब्बियोलोच्या वळणाची, पण जरा खारट आणि धुरकट.

बाकीचे मुलूख नंतर सवडीने. वेनेतोत द्राक्षं महिनोन्महिने सुकवून केलेली आमारोने, आणि ग्लेरा द्राक्षाची हलकी फसफसणारी प्रोसेक्को. काम्पानियात फियानो आणि ग्रेको या पांढऱ्या, ज्यांना अजून त्यांच्या लायकीचा भाव मिळालेला नाही असं माझं ठाम मत आहे. एमिलियात लाम्ब्रुस्को, लाल आणि फसफसणारी, आणि २४ जूनच्या सुमारास हिरवे अक्रोड तोडून केलेला नोचिनो.

शेवटी आपल्या जेवणाबद्दल, कारण तुम्ही घरी बसूनच पिणार. तिखट आणि तुरटपणा यांचं पटत नाही. मिरचीची आग तुरट, जास्त मद्यार्काच्या वाइनने भडकते. कोल्हापुरी रश्श्याबरोबर बारोलो उघडलीत तर दोन्ही वाया जातील. तिथे थोडी गोड लाम्ब्रुस्को किंवा पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली मोस्कातो दास्ती घ्या, तीही पिएमोंतेचीच. भरल्या वांग्याबरोबर मी बार्बेरा घेतो. शेंगदाण्याच्या कुटाचा स्निग्धपणा तिच्या आंबटपणाने छान कापला जातो. सुरमई तळली असेल तर फियानो. आणि पुण्यामुंबईच्या उन्हाळ्यात लाल वाइन 'रूम टेम्परेचर'ला द्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते तापमान १६ ते १८ अंशांचं धरलेलं असतं. बाटली उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बार्बेरा तर त्याहून थोडी जास्त गार चालते.