‘असाधारण उपचार’ की ‘न झेपणारे उपचार’?

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती नीतिविचारावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी मीन्स’ नाकारण्याची रुग्णाला मुभा असते, असे त्यात म्हटले आहे. कोशातून ‘असाधारण साधने’ मिळते. पण व्हेंटिलेटर आज प्रत्येक अतिदक्षता विभागात असताना तो असाधारण कसा? आणि तो काढला तर ‘दयामरण’ म्हणायचे का?

शंका रास्त आहे. ‘असाधारण’ म्हटले की मराठी कानाला असाधारण बुद्धी, असाधारण धैर्य आठवते, म्हणजे क्वचित आढळणारे काहीतरी. मूळ संज्ञेचा रोख वेगळा आहे. ती यंत्रांच्या कितीतरी आधीची, सोळाव्या शतकातल्या स्पेनमधली. फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया या धर्मशास्त्रज्ञापुढे प्रश्न होता तो अन्नाचा. घास गिळणेही ज्याला यातनामय झाले आहे, त्याने खाल्ले नाही तर त्याला पाप लागते का? त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. वैद्याने सांगितले म्हणून महागडे, नाजूक पदार्थ खाल्लेच पाहिजेत असेही नाही, असे तो म्हणतो. पुढे भूल नसतानाच्या काळात अवयव कापून घेणे याच सदरात धरले जाई. भूल आली आणि तीच शस्त्रक्रिया बहुतेकांच्या बाबतीत ‘साधारण’ झाली. म्हणजे मोजायचा तो रुग्णावर पडणारा भार.

१९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना उत्तर देताना हीच कसोटी सांगितली : स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझे न टाकणारी साधने तेवढी बंधनकारक, आणि ती ठरवताना व्यक्ती, स्थळ, काळ पाहायचा. एकच यंत्र एकाला साधारण, दुसऱ्याला असाधारण, ते यामुळेच.

यासाठी मराठीत ‘झेपणे’ हे क्रियापद आयते आहे. अंगाला, मनाला, घराला झेपणे, सगळे त्यात येते. मी ‘झेपणारे’ आणि ‘न झेपणारे उपचार’ म्हणेन. व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्राने ‘साधारण-असाधारण’ या मूळ जोडीऐवजी ‘प्रपोर्शनेट’ आणि ‘डिसप्रपोर्शनेट’ असे शब्दही पुढे केले. त्यांना ‘प्रमाणबद्ध’ मात्र करू नका. प्रमाणबद्ध असते ती मूर्ती. लाभाच्या मानाने त्रास फार, एवढेच तिथे म्हणायचे आहे.

आता ‘दयामरण’. या शब्दात मरण दिले जाते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातला २२७८ वा परिच्छेद सांगतो की न झेपणारा उपचार थांबवताना मृत्यू घडवायचा नसतो; तो अडवता येत नाही, हे मान्य केलेले असते. तिथे ‘उपचार थांबवणे’ हेच सरळ आणि खरे. पण मरण यावे म्हणूनच उपचार रोखला, तर चर्च त्यालाही दयामरणच मानते. नुसते काय काढले यावरून शब्द ठरत नाही.

दीर्घ बेशुद्धीत गेलेल्या, अमेरिकेतल्या कॅरेन ॲन क्विनलन या तरुणीचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. तिच्या कॅथलिक आईवडिलांनी १९७६ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने व्हेंटिलेटर काढवला, नळीतून अन्न देणे मात्र चालू ठेवले. ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये गेली. त्या दोघांना मुलीचे मरण घडवायचे नव्हते. त्यांच्या कृतीला ‘दयामरण’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नळीतले अन्नपाणी हा उपचार की शुश्रूषा, हा वाद नंतर वाढला. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते तत्त्वतः साधारणच मानले. म्हणून ‘नळी काढणे’ आणि ‘व्हेंटिलेटर काढणे’ अनुवादात एका शब्दाखाली झाकू नका.

अँग्लिकन बिशपांच्या १९९८ च्या लँबेथ परिषदेच्या ठरावात ‘एक्सेसिव्ह’ उपचार असा शब्द आहे. तिथे ‘अतिरेकी’ नको, त्याला आज दुसराच वास आहे, ‘अवाजवी’ चालेल.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘जे उपचार रुग्णाला झेपत नाहीत, ते नाकारण्याची त्याला मुभा आहे.’