खरेदीदाराने विचारलं, "शेजारी कसे आहेत?"

ठाण्यातले एक काका गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मांडीवर रबरबँड लावलेली जाडजूड फाइल. फ्लॅट विकायला काढला होता, टोकनही हातात पडलं होतं. वरच्या मजल्यावरच्यांशी झालेली भांडणं खरेदीदाराला सांगायची की नाही, यावरून घरात रोज धुसफुस. काकू म्हणत, "आपण होऊन कशाला विषय काढायचा?" काका म्हणत, "उद्या तो येऊन माझीच कॉलर धरेल."

हा पेच घेऊन बरेच जण येतात. मी आधी फाइल उघडायला लावली. वरच्यांच्या मोरीतून यांच्या बाथरूमात होणारी गळती, त्याबद्दल सोसायटीला दिलेली पत्रं, पोलिसांत एक एन.सी. (अदखलपात्र तक्रारीची नोंद) आणि मग पानंच्या पानं जिन्यातली बोलाचाली, तारीखवार. "आज मला बघून कुत्सित हसला" अशीही नोंद होती. मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

ती पानं मी बाजूला काढली. "काका, हे तुमचं दुखणं. ते घरासोबत विकायची गरज नाही."

गळतीचं तसं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (1882) कलम 55 सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याने नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा. शेजाऱ्याचा खडूस स्वभाव यात बसेल असं मला वाटत नाही. छतातून झिरपणारं पाणी बसतं. कोर्टात दावा चालू असता तर तोही सांगावा लागला असता. खरेदीखतात "कोणताही वाद वा दावा प्रलंबित नाही" असं वाक्य बहुधा असतंच, आणि त्याखाली सही आपली असते. मी वकील नाही, म्हणून एन.सी.सकट सगळा मसुदा वकिलाला दाखवायला सांगितलं.

"पण शेजारी कसे आहेत, असं तोंडावर विचारलं तर?"

"छान आहेत" म्हणायचं नाही, एवढं पक्कं. उत्तराची आम्ही तालीमच केली. पहिल्या खेपेला काका पहिल्या भांडणापासून सुरू झाले आणि थांबेचनात. पाचव्या खेपेला जमलं: "गळतीवरून वरच्यांशी आमचं बिनसलंय. पत्रं आहेत, बघून घ्या."

उठता उठता काका पुटपुटले, "छताला गेल्याच महिन्यात रंग दिलाय."

"कशाला?"

काका गप्प.

पंधरा दिवसांनी आले. खरेदीदाराला आधी पत्रं दाखवली, मग बाथरूम. तो स्टुलावर चढला, अंगठ्याने छत दाबलं, नव्या रंगाचा पोपडा हातात आला. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) मोरीची गळती ज्याची त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, हे त्याला माहीत होतं. "वरच्यांशी मी बोलतो," म्हणाला आणि किमतीत पन्नास हजार पाडून घेतले.

काका आता झोपतात. काकूंना ते पन्नास हजार अजून खुपतात.